खिडकीच्या खाचेतला गाळ

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात घरातले बहुतेक कोपरे एकदा तरी उजेड पाहतात. माळ्यावरची पितळी भांडी खाली येतात, पंख्यांची पाती पुसली जातात, रिकामे डबे उन्हात पालथे पडतात, पडदे धुवायला निघतात. खिडक्यांच्या काचाही लख्ख होतात. पण ती काच ज्या खाचेत उभी असते, ज्याला सगळे ‘स्लायडिंगचा ट्रॅक’ म्हणतात, तिच्यावरून फार तर एकदा ओला फडका फिरतो आणि काम झाले असे समजले जाते. फडका खाचेत शिरतच नाही. तो वरच्या कडांवरून सरकतो आणि खालचा काळा, ओलसर, केसाळ थर पुढच्या दिवाळीपर्यंत तसाच राहतो.

हा थर नुसता किळसवाणा असता तर आरोग्याच्या स्तंभात त्याला जागा देण्याचे कारण नव्हते. पण तो चुकीच्या पद्धतीने काढला तर थेट नाकात जातो, काढलाच नाही तर पावसाळ्यात पाणी अडवतो, आणि तो झटपट निघावा म्हणून लोक ज्या बाटल्या हातात घेतात त्यांतल्या दोन एकत्र आल्या तर दवाखाना गाठावा लागतो. यातली तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते.

जुन्या वाड्यांतल्या आणि चाळींतल्या लाकडी खिडक्यांना ही खाच नव्हती. झडपा बिजागऱ्यांवर उघडत, गज उभे असत, आणि चौकटीच्या खालच्या पट्टीवर बसलेली धूळ एका हातासरशी निघे. पुढे जागा वाचवण्यासाठी झडपा सरकत्या झाल्या, लाकडाची जागा ॲल्युमिनियमने घेतली, आणि प्रत्येक खिडकीच्या पायाशी दोन-तीन समांतर पन्हळी आल्या. दोन काचांसाठी, तिसरी डासांच्या जाळीसाठी. बोट जेमतेम शिरेल एवढ्या रुंदीच्या या पन्हळी वरून उघड्या आणि बाजूंनी बंद असतात. त्यात पडलेली वस्तू वाऱ्याने पुन्हा बाहेर जात नाही.

पडते काय काय? रस्त्यावरची माती, टायर आणि ब्रेक झिजून उडणारी काळी भुकटी, कपड्यांचे तंतू, माणसाच्या त्वचेचे सुटलेले सूक्ष्म पापुद्रे, केस, परागकण, मेलेल्या कीटकांचे पंख. जवळपास बांधकाम चालू असेल तर सिमेंटही, आणि ते ओल मिळताच खाचेत घट्ट बसते. स्वयंपाकघराच्या खिडकीची तऱ्हा आणखी वेगळी. फोडणीतून उडालेले तेलाचे बारीक थेंब धुळीवर बसतात, हवेतल्या प्राणवायूमुळे सावकाश घट्ट होतात आणि काही महिन्यांत नखानेही निघणार नाही असा मेणचट लेप तयार होतो. कबुतरांचा राबता असलेल्या इमारतींत त्यात वाळलेली विष्ठा आणि पिसांची भुकटी मिसळते. पावसाळ्यात या सगळ्याला ओल मिळते आणि बुरशी धरते. कोपऱ्यातले काळे ठिपके बहुधा तिचेच असतात.

यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. खिडकीची खाच अस्वच्छ राहिली म्हणून धडधाकट माणूस अंथरुणाला खिळत नाही. दमा, ॲलर्जीची सर्दी किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांची गोष्ट मात्र निराळी. बुरशीचे बीजाणू आणि पक्ष्यांची विष्ठा व पिसे यांतली प्रथिने पुन्हा पुन्हा श्वासात गेली तर काही जणांची रोगप्रतिकारक यंत्रणा फुप्फुसातच दाह सुरू करते. ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ हे त्या आजाराचे नाव. सुरुवातीला कोरडा खोकला आणि जिना चढताना लागणारी धाप एवढेच असते, म्हणून तो वयाच्या खाती टाकला जातो. दुर्लक्ष झाले तर फुप्फुसाचा तो भाग कायमचा ताठर होतो. देशातल्या १९ शहरांमधल्या २७ केंद्रांतून फुप्फुसांच्या अशा ताठर करणाऱ्या आजारांच्या १,०८४ रुग्णांची नोंद करणारा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या, म्हणजे ४७ टक्के रुग्णांना हाच आजार होता, आणि त्यांतल्या सुमारे निम्म्यांच्या घरी एअर कूलर होता. कूलर म्हणजे खिडकीची खाच नव्हे, आणि या आकड्यांवरून खाचेला दोषी ठरवणे शास्त्राला धरून होणार नाही. पण ओल, धूळ आणि बुरशी एका जागी नांदू दिली आणि तिथून आलेली हवा रोज घेतली तर काय होऊ शकते, हे त्यातून कळते.

साफसफाईच्या दिवशी नेमके उलटे घडते. वर्षभर खाचेत निपचित पडलेला थर कोरड्या ब्रशने किंवा खराट्याच्या काडीने खरवडला जातो. तोंड खाचेपासून वीतभर अंतरावर, वारा बाहेरून आत. एरवी वर्षभरात जेवढे नाकात गेले नसते तेवढे दहा मिनिटांत जाते. नाकाला बांधलेला पदर किंवा ओढणी मोठे कण अडवते, बारीक कण अडवत नाही. साधा व्हॅक्यूम क्लीनर हा त्यावरचा निर्दोष उपाय नाही, कारण हेपा गाळणी नसेल तर तो सर्वांत बारीक धूळ मागच्या बाजूने खोलीतच सोडतो. म्हणून पहिला नियम सोपा आहे: खाच आधी ओली करायची आणि मगच तिला हात लावायचा. वाळलेल्या विष्ठेच्या बाबतीत तर यात सवलत नाही. तिथे एन-९५ मास्क आणि रबरी मोजेही हवेत, आणि घरातल्या दम्याच्या रुग्णाने ते काम अंगावर घेऊ नये.

ओले करण्याचा हा आग्रह आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, पण त्याआधीच्या घरांत शिशाची धूळ किती आहे हे आजही तपासले जाते. धुळीचे नमुने फरशीवरून, खिडकीच्या आतल्या पट्टीवरून आणि तिसरे खिडकीच्या खाचेतून घेतले जातात. कारण उघड आहे. रंगवलेली झडप चौकटीवर घासते, रंग झिजतो आणि त्याची भुकटी बरोबर खाचेत पडते. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वी तैलरंग लावलेल्या लाकडी आणि लोखंडी खिडक्या राज्यातल्या लाखो घरांत अजून आहेत, आणि दिवाळीला त्या पॉलिश पेपरने कोरड्याच घासल्या जातात. मुलांच्या शरीरात शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. रांगणारे मूल घरात असेल तर जुना रंग घासण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसून वर नवा रंग चढवणे कितीतरी शहाणपणाचे. तो फडकाही पुन्हा फरशीसाठी वापरायचा नाही, टाकून द्यायचा.

आता पाण्याविषयी. सरकत्या खिडकीच्या खालच्या चौकटीत, बाहेरच्या बाजूला, चपटी किंवा गोल अशी छोटी भोके असतात. पावसाचे पाणी खाचेत येणारच हे गृहीत धरून ते बाहेर जावे म्हणून ती ठेवलेली असतात. अनेक घरांत ती असल्याचे कोणाला माहीतही नसते. रंगाऱ्याने ती रंगाने बुजवलेली असतात, बाहेरून गळती थांबवायला आलेल्या कारागिराने सिलिकॉन भरून टाकलेली असतात, आणि उरलेली त्या केसाळ गाळाने तुंबतात. मग जुलैमध्ये पाणी खाचेत चढते, आतली कड ओलांडते आणि खिडकीखालच्या भिंतीत उतरते. पोपडे धरलेल्या त्या भिंतीसाठी गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा खर्च केलेली सोसायटी शोधायला फार लांब जावे लागत नाही.

साचलेल्या पाण्याचा दुसरा अर्थ डास. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला तळे लागत नाही, बाटलीच्या झाकणातले पाणीही पुरते. खिडकीची खाच ही त्याची पहिली पसंती नव्हे. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे आणि गच्चीवरची ताडपत्री या जागा त्याच्या अधिक आवडीच्या. पण तुंबलेल्या खाचेत आठवडाभर पाणी राहिले तर अंड्यापासून डासापर्यंतचा प्रवास तिथेही पूर्ण होऊ शकतो. एडिसची मादी अंडी पाण्यावर नव्हे, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर कडेला चिकटवते, आणि ती अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. म्हणून पाणी नुसते ओतून देऊन भागत नाही, कडा घासाव्याच लागतात.

हे लक्षात घेतले तर खाच साफ करण्याचा खरा मुहूर्त दिवाळी नसून मे महिन्याचा शेवट आहे. दिवाळीत काढला जातो तो पावसाळ्याने भिजवून, कुजवून, पुन्हा वाळवलेला गाळ. तो काढायला हरकत नाही, पण भिंत तोपर्यंत ओली होऊन गेलेली असते.

काढायचा कशाने, हा प्रश्न निघाला की मोबाइलवर फिरणारा एक नुस्खा हमखास पुढे येतो. खाचेत खाण्याचा सोडा भुरभुरायचा, वर व्हिनेगर ओतायचे, फसफसून फेस आला की घाण आपोआप वर येते म्हणे. दृश्य मोठे समाधान देणारे असते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र हा दोन उपयोगी वस्तू एकमेकांच्या अंगावर घालून दोन्ही वाया घालवण्याचा प्रकार आहे. सोडा अल्कधर्मी, व्हिनेगरमधले ॲसिटिक आम्ल आम्लधर्मी. दोन्ही एकत्र आली की कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि मागे उरते सोडियम ॲसिटेट नावाचे क्षार मिसळलेले पाणी. हे पाणी चिकटपणा काढत नाही आणि क्षारांचे पांढरे डागही विरघळवत नाही. बुडबुड्यांनी सैल धूळ थोडी हलते, बस्स. ते काम पाण्याच्या पिचकारीनेही होते.

हे दोन पदार्थ वेगवेगळे वापरले तर त्यांचा उपयोग आहे. सोड्यात चार थेंब पाणी घालून केलेली लाप्सी ही सौम्य घासणी आहे. मेणचट लेपावर ती चालते आणि ॲल्युमिनियमवर चरे पाडत नाही. व्हिनेगर किंवा लिंबू चालते ते बोअरच्या जड पाण्याने खाचेत धरलेल्या पांढऱ्या कपचीवर, कारण ती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची असते. पण तेही पाच-दहा मिनिटेच ठेवायचे आणि भरपूर पाण्याने धुऊन टाकायचे. ताक किंवा चिंचेचे सार ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ठेवू नये हे घरोघरी ठाऊक असते. खिडकीची चौकट त्याच धातूची आहे एवढेच विसरले जाते. ॲल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच त्याचे चिलखत असतो. हे ऑक्साइड उभयधर्मी आहे, म्हणजे तीव्र आम्लातही विरघळते आणि तीव्र अल्कातही. त्यामुळे संडास साफ करण्याचे ॲसिड खाचेत ओतणे जितके वाईट, तितकेच धुण्याच्या सोड्याचे कडक द्रावण किंवा मोरी मोकळी करण्याची कॉस्टिकची पूड ओतणेही वाईट. चिलखत गेले की धातू खडबडीत होतो, चाके अडखळतात, आणि खडबडीत पृष्ठभागावर धूळ आणखी चिकटते. तारेची घासणी नको. तिचे तुकडे मागे राहतात आणि गंजाचे डाग पडतात. समुद्राजवळच्या घरांत खाचेत दिसणारी पांढरी भुकटी पुष्कळदा साबणाची नसून खारट हवेने खाल्लेल्या ॲल्युमिनियमचीच असते. तिच्यावर ॲसिड म्हणजे आगीत तेल.

मग राहतो काय? भांड्यांचा साबण. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे तेलाकडे. चिकट थर धुळीसकट सुटतो आणि पाण्याबरोबर जातो. घरोघरी मिळणाऱ्या वस्तूंमध्ये या कामाला याहून योग्य वस्तू नाही. ती दिसायला चमत्कारिक नाही, फसफसत नाही, म्हणून तिचा व्हिडिओ कोणी काढत नाही, एवढेच.

साबणाने भागत असताना हात ॲसिडकडे जातो, ही या सगळ्यातली खरी काळजीची बाब. बाजारात मिळणाऱ्या संडास साफ करण्याच्या बऱ्याच द्रावणांत साधारण दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असते. सुटे मिळणारे ‘लादी धुण्याचे ॲसिड’ बरेचदा त्याहून तीव्र. त्याने डाग गेला नाही, किंवा काळी बुरशी तशीच दिसली, की त्याच्यावर ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर टाकली जाते. दोन औषधे मिळून दुप्पट गुण येईल असा हिशेब त्यामागे असतो. प्रत्यक्षात ब्लीचमधले हायपोक्लोराइट आणि आम्ल यांच्या संयोगातून क्लोरिन वायू बाहेर पडतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्याने जो वायू सोडला, तोच हा. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले तरी तो निघतो, फक्त सावकाश. अमोनिया असलेला काच पुसण्याचा फवारा आणि ब्लीच यांतून निघणारे क्लोरामाइनही घातकच. क्लोरिन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्यामुळे तो खाली साचतो, आणि ट्रॅक घासणारा माणूस बहुधा खाली वाकलेला किंवा बसलेला असतो.

असा झोंबरा वास आला तर ते काम त्या क्षणी सोडून मोकळ्या हवेत जायचे. उरलेले मिश्रण आवरायला परत आत जायचे नाही, त्यावर तिसरे काही ओतायचे तर मुळीच नाही. डोळ्यांत गेले असेल तर पंधरा मिनिटे साध्या वाहत्या पाण्याने धुवायचे. खोकला थांबला म्हणून निश्चिंत राहता येत नाही, कारण फुप्फुसात पाणी भरण्याची क्रिया काही तासांनीही सुरू होऊ शकते. छातीत आवळल्यासारखे वाटले किंवा धाप लागली तर रुग्णालयात जायचे आणि कोणत्या दोन वस्तू एकत्र झाल्या ते सांगायचे, शक्य असल्यास त्यांचा फोटो दाखवायचा.

हे सोसावे कोणाला लागते, तेही पाहायला हवे. दिवाळीच्या आठवड्यात जादा पैशांवर खिडक्या करून देणाऱ्या मावशींच्या हातात बाटली मालकीणबाई देतात. लेबल इंग्रजीत किंवा वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत असते, आणि सुट्या ॲसिडच्या बाटलीवर तर तेही नसते. एका दिवसात चार घरे करायची असल्याने जोरदार औषधाचा मोह त्यांनाही पडतो. मोजे कोणी देत नाही. ॲसिड आणि ब्लीच एका कपाटात न ठेवणे आणि खिडकीसाठी यांतले काहीच हातात न देणे ही त्या घराची जबाबदारी आहे, मावशींची नव्हे.

प्रत्यक्ष कामाला प्रत्येक खिडकीमागे वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. आधी एक काच सरकवून अर्धी खाच मोकळी करायची आणि फवाऱ्याच्या बाटलीने साबणाचे पाणी सोडून दहा मिनिटे तसेच ठेवायचे. गाळ फुगून सैल होतो. दात घासण्याचा जुना ब्रश लांबीला घासतो. कोपऱ्यांत आइस्क्रीमच्या काडीला जुन्या बनियनची चिंधी गुंडाळून फिरवायची. वर आलेला चिखल पाण्याने भोकांकडे ढकलायचा नाही, नाहीतर तीच तुंबतात. तो कागदाने किंवा चिंधीने उचलून कचऱ्यात टाकायचा आणि मगच खाच धुवायची. मग काच दुसरीकडे सरकवून उरलेली अर्धी. शेवटी कोरड्या फडक्याने पुसून खिडकी थोडी उघडी ठेवायची, कारण ओली राहिलेली खाच आठवड्यात पुन्हा धूळ धरते. चाके कुरकुरतात म्हणून खोबरेल किंवा शिलाई मशीनचे तेल सोडण्याची सवय सोडलेली बरी. तेलावर बसलेल्या धुळीची खळ होते. खाचेच्या उभ्या कडेवर मेणबत्ती घासली तरी काच सहज सरकते.

बाहेरच्या बाजूची खाच आतूनच करता येते तेवढीच करायची. कट्ट्यावर चढून, एका हाताने ग्रिल धरून, दुसऱ्या हाताने ब्रश मारण्याइतके त्या कामात काही नाही. काच उचलून ट्रॅकबाहेर काढण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. वरच्या मजल्यांवर, ग्रिल नसलेल्या खिडकीत, तो अजिबात ऐकू नये. ओल्या हातांतून निसटलेली काच खाली कोणावर पडेल हे कोणी सांगू शकत नाही. जिथे हात पोहोचत नाही तिथे सोसायटीने वर्षातून एकदा प्रशिक्षित माणसे दोरासकट बोलवावीत. पाण्याच्या टाक्या साफ करण्याचा खर्च सर्वसाधारण सभेत विनातक्रार मंजूर होतो, त्याशेजारी ही एक ओळ बसू शकते.

सगळे झाल्यावर एक वाटी पाणी खाचेत ओतून पाहावे. भोके मोकळी असतील तर मिनिटाभरात पाणी बाहेर जाते. ते तिथेच थांबले तर बारीक तार किंवा दातकोरणे बाहेरून शक्य नसल्यास आतून भोकात फिरवावे. सिलिकॉन किंवा सिमेंटने बुजलेले भोक त्याने उघडत नाही. त्यासाठी खिडक्या बसवणाऱ्या कारागिराला बोलवून ड्रिलने ते मोकळे करून घ्यावे लागते, आणि तो माणूस जूनमध्ये मिळत नाही, एप्रिलमध्ये मिळतो.